कडब्याची निवडक पेंढी

माझ्या नवऱ्याला पोट धरून हसता येतं, हे मला लग्नाच्या तेहतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही दुसऱ्या बाईमुळे. ती दुसरी बाई म्हणजे यांची सख्खी थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्यामुळे तक्रार कुणाकडे न्यायची, हाही प्रश्नच होता.

हे पूर्वी हसायचेच नाहीत असं नाही. पाहुणे आले की हसायचे, फोटो काढताना हसायचे. मी म्हणते ते हसणं वेगळं. शेवटी ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, कुणीतरी पाठ चोळावी लागते, तसलं. ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. यांना काहीतरी झालं असं वाटून मी तशीच मागच्या ओट्यावर धावले. बघते तर साठी ओलांडलेले दोघं बहीणभाऊ पोत्यावर मांडी ठोकून बसलेले, आणि वन्संच्या नाकावर ज्वारीच्या चिपाडाचा चष्मा.

"आक्के, हालू नगं. नंबर तपासतोय," हे म्हणत होते आणि तिच्यापुढे दोन बोटं धरत होते.

"चार हायती," वन्सं म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा सुटले.

मी लाटणं घेऊन उभी. मला कुणी विचारलं नाही की, तुला किती दिसतात.

वन्सं दौंडला राहतात. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून तिथेच रुळांच्या पलीकडे दोन खोल्यांत एकट्या असतात. होळीनंतर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या शिक्रापुरात करायचं ठरलं, आणि मीच मोठ्या मनाने म्हणाले होते की महिनाभर आमच्याकडेच राहा. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, धूर नको, धूळ नको, वाकायचं नाही, टीव्ही जरा बेताने. आता अशा बाईने दिवसभर करायचं काय? हेही रिटायर होऊन वर्ष झालेलं. आयुष्यभर कंपनीच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस घरात बसला की घरातले कडीकोयंडे तपासत फिरतो. भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांची दारं यांनी इतक्यांदा तासली की ती आता लागायचीच बंद झाली होती.

तर हे एके सकाळी केंदूरला गेले. आमची जमीन तिथे भावकीतलेच लोक कसतात. ज्वारी नुकतीच निघाली होती. दरवर्षीप्रमाणे मागच्या शेजारणीच्या गाईसाठी कडब्याच्या दोन पेंढ्या बाइकला बांधून आणल्या. शेजारीण आम्हाला दूध देते, आम्ही तिला कडबा देतो, असा रिवाज आहे. पण त्या दिवशी ओट्यावर टेकताना यांनी सहज एक धाट उपसलं, दाताने त्याची साल सोलली, आतला पांढरा भेंड मोडून घेतला, सालीच्या दोन पट्ट्या वाकवून त्यात खोचल्या, आणि बहिणीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. तो खेळ असा सुरू झाला.

मला पोटात दुखलं. सरळच सांगते. काळजी, थकवा, वय असली नावं मी त्याला पुष्कळ देऊन पाहिली, पण ते पोटात दुखणंच होतं.

दुसऱ्या दिवशी बैल आले. भेंडाचं अंग, बाभळीच्या काट्यांची शिंगं. तिसऱ्या दिवशी गाडा आला. वन्संना नीट दिसत नव्हतं, पण दिसायची गरजच नव्हती. त्यांची बोटं साल कुठे चिरायची, काटा कुठे खुपसायचा ते आपसूक करायची. हे मात्र टूलरूमचे. यांनी कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि चिपाडाच्या चाकांचा व्यास मोजायला बसले.

"आरं, गाडा करतूयास का रॉकेट?" वन्संनी विचारलं.

"डाव्या चाकात फरक हाय, आक्के. गाडा वढ घेनार."

"आपला गाडा कवा सरळ पळलाय?"

मग पुन्हा तेच हसणं. त्यात वन्सं यांना लहानपणच्या नावाने हाक मारायच्या. ते नाव मी इथे लिहीत नाही, यांना आवडायचं नाही. ते नाव या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तेहतीस वर्षं मी 'अहो' म्हणत आले आणि 'अहो'ला एक माणूस ओ देत आला. पण त्या दोन अक्षरांच्या हाकेला जो ओ द्यायचा तो कुणी वेगळाच होता, हाफ चड्डीतला, आणि तो मला कधी भेटलाच नव्हता.

आमचा मुलगा लहान असताना यांनी त्याला एक काडीची गाडी कधी करून दिली नाही. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट, ओव्हरटाइम. आल्यावर जेवण आणि झोप. मी कधी बोललेही नाही, कारण मला वाटायचं, यांच्या हाताला लोखंडाशिवाय दुसरं काही येतच नाही. आता कळलं, येत होतं. आम्हाला दिलं नाही इतकंच.

माझं माहेर शिरूर गावातलं. वडिलांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं. त्यामुळे माझ्याकडे भातुकलीचा अख्खा पितळी संच होता, बंब आणि जातं धरून. तो काचेच्या कपाटात असायचा. दिवाळीला बाहेर निघायचा, मी तो चिंच लावून लख्ख करायची, आणि पुन्हा आत. पाहुण्यांना दाखवायला तो फार छान होता. मला तो कधी खेळायला दिला नाही, घासायला दिला. म्हणून असेल, पण काहीतरी हाताने करून, मोडून, पुन्हा करून हसत बसायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. मला आवरायला शिकवलं. त्या दोघांचा खेळ झाला की ओटाही मीच आवरायची. सालींचा ढीग, भेंडाचा भुगा, काटे. पायात काटा गेला तो माझ्याच.

मी डॉक्टरांना पुढे केलं. "वन्सं, धुळीत बसू नका, डोळ्यांत कुसळ जाईल," असं दिवसातून चारदा म्हणायची. वन्सं काळा चष्मा लावायच्या आणि बसायच्या. हे त्यांच्या अंगावर टॉवेल टाकायचे आणि काम पुढे चालू. माझ्या काळजीचं असं पाणी पाणी होत होतं.

त्यात भर म्हणून आमचा भाडेकरू. बिहारकडचा चाळिशीचा माणूस, वेल्डर आहे. कामावरून येताना एका संध्याकाळी थबकला. "अंकल, हमारे यहाँ मकई का बनाते थे," म्हणाला. डबा खाली ठेवला, बसला, आणि पाच मिनिटांत एक घोडा केला, लांब मानेचा. वन्संनी तो हातात घेऊन चाचपला आणि म्हणाल्या, "ह्यो आपल्यातलाच हाय." झालं. हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेला माणूस पाच मिनिटांत आपल्यातला. मी आतून तिघांसाठी चहा घेऊन आले. चहा मात्र सगळ्यांनी छान झाला म्हणून सांगितलं.

मग यांच्या डोक्यात आलं की बैलगाड्याचा आख्खा घाटच करायचा. आमच्या भागात बैलगाडा शर्यतीचं वेड किती आहे ते सांगायला नको. चढाचा घाट, दोन्ही बाजूंनी माणसं, माळ्यावर बसलेले पंच, आणि एकामागून एक पळणारे गाडे. हे सगळं चिपाडाचं. त्यासाठी हे पुन्हा केंदूरला गेले आणि एकेक धाट पारखून एक पेंढी बांधून आणली. कीड नसलेलं, बुडाकडे जाड, सावलीत वाळलेलं. ती पेंढी ओट्याच्या कोपऱ्यात सुतळीने बांधून उभी केली. तिला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद होती. ताकीद कुणाला, तर मलाच, कारण घरात आवरणारी मी एकटी.

एका दुपारी दोघं डोळे दाखवायला दवाखान्यात गेले. घर शांत होतं. हायवेवरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. मी ओट्यावर गेले आणि त्या पेंढीतून एक धाट उपसलं. का, ते मलाच माहीत नाही. यांच्यासारखी दाताने साल सोलायला गेले तर ओठ कापला. दुसऱ्या धाटाची साल मधेच तुटली. चाकासाठी पट्टी वाकवली की ती टचकन मोडायची. तेव्हा मला आठवलं, वन्सं पट्टी आधी पाण्याच्या तांब्यात बुडवतात. बुडवली. वाकली. चौथ्या की पाचव्या खेपेला एक चाक झालं. त्याला मधोमध भेंडाचा तुंबा, त्यात चार आरे. काट्यावर बसवून बोटाने टिचकी मारली आणि ते फिरलं.

ते फिरलं तेव्हा मी हसले. एकटीच, मोठ्याने. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा फिरलं. गॅसवर डाळ होती, ती कधी करपली तेही कळलं नाही. जळका वास आला तेव्हा भानावर आले. कुकर घासताना जाणवलं की इतका वेळ मला कशाचीच आठवण झाली नव्हती, कुणाचा राग आला नव्हता. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ ही दोघं हे असलं काही खात होती, आणि मला वासाची धनी केलं होतं. आनंद झाला होता तेवढाच जळफळाट पुन्हा वर आला.

तरी चाक मी टाकलं नाही. दोघं आल्यावर तळहातावर ठेवून यांच्यापुढे धरलं. हे चकित झाले. चाक उचललं, फिरवून पाहिलं. मग आत गेले, व्हर्नियर घेऊन आले, लावला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "दोन एमएम आउट हाय. रिजेक्ट."

वन्संना हसू फुटलं. यांनाही फुटलं. वन्संच्या चाकांनाही ते दहादा रिजेक्ट म्हणायचे, हे मला माहीत होतं. वन्सं त्यावर म्हणायच्या, तुझं टकुरं रिजेक्ट. खेळायची ती रीतच होती. पण मला ती रीत येत नव्हती. मला फक्त दोघं मला हसताना दिसली. मी चाक घेतलं आणि आत गेले. ते कोळशासारख्या काळ्या झालेल्या डाळीबरोबर कचऱ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाभळीचे काटे आणायला गेले होते. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. मी ती निवडलेली पेंढी उचलली, मागच्या भिंतीला वळसा घालून शेजारणीच्या गोठ्यात गेले, सुतळी सोडली आणि सगळी धाटं गाईपुढे टाकली. गाईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खायला लागली. तिच्या दृष्टीने तो कडबाच होता. मी सुतळी नीट गुंडाळून आणली आणि खिळ्याला अडकवली. सुतळी वाया घालवायची सवय नाही.

हे आले. कोपऱ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते.

"हितली पेंढी?"

"मला काय माहीत."

हे भिंतीपाशी गेले, गोठ्यात डोकावले. मग हातातले काटे ओट्यावर ठेवले आणि पाय धुतले. मी दिवसभर आरडाओरड्याची वाट बघत होते. मला भांडण हवं होतं, खरं तर. भांडणात तरी माणूस आपल्याकडे तोंड करून बोलतो. पण हे काही बोलले नाहीत. आणि दोन दिवसांनी वन्संनी सकाळीच पिशवी भरली. "डोळा बरा हाय आता. घर सोडून लई दिस झालं," म्हणाल्या. हे त्यांना दौंडच्या एसटीत बसवून आले.

मी जिंकले होते. ओटा स्वच्छ होता. पायात काटे जात नव्हते. हे पुढच्या खोलीत बातम्या लावून बसायचे, आणि बातम्या बघता बघता बसल्या जागी डोळे मिटायचे. कडीकोयंडे तपासणंही बंद झालं. आठवडा गेला, दुसरा गेला. घरात जेवणाची ताटं, भाजीला काय आणू, लाइट बिल, यापलीकडे शब्द नाही. एकदा मीच म्हणाले, "अहो, करा की परत तो गाडा."

"एकट्यानं काय करायचं?"

"मी आहे की."

यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, अगदी साधेपणाने म्हणाले, "तुला कंटाळा यील."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रागच आला, आणि तो सगळा वन्संवर काढायचं मी ठरवलं. जाताना काहीतरी बोलल्या असणार, कान भरले असणार. त्यांची डोळ्यांच्या तपासणीची फाईल आमच्याकडे राहिली होती. तेवढं निमित्त मला पुरलं. फाईल पिशवीत घातली, शिरूरला उतरले, आणि तिथून दौंडची गाडी धरली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकेक वाक्य असं होतं की वन्सं पुन्हा आमच्या घराची पायरी चढल्या नसत्या.

वन्सं दारातच बसल्या होत्या. मला बघून गडबडल्या. पाणी दिलं, चहा टाकला. मी खोलीभर नजर फिरवली. मला वाटलं होतं इथे तर गाड्यांचं दुकान मांडलेलं असेल. काहीच नव्हतं. खिडकीत एक धाट पडलं होतं, अर्धवट सोललेलं.

"शेजारनीकडून आनलं व्हतं," वन्सं म्हणाल्या. "बसले करायला. पर एकटीला न्हाई सुधरत."

नेमक्या त्या वेळी मालगाडी आली. ती जाईपर्यंत बोलता येत नव्हतं. ती लांबलचक गाडी जाईपर्यंत माझी जुळवलेली सगळी वाक्यं गेली, आणि शेवटी जे तोंडातून आलं ते भलतंच होतं.

"पेंढी गाईला मी घातली होती, वन्सं."

"ठावं हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"त्यानं सांगितलं, आक्के, उंदरानं नासली व्हती, मीच टाकून दिली." वन्संनी चहा गाळला. "उंदीर सुतळी गुंडाळून खिळ्याला लावत न्हाई, बाई."

मी कप हातात घेतला. चहा प्यायची मला हिंमत होईना.

"ल्हानपनी आबांचा मार मला बसू नये म्हनून तो रोज खोटं बोलायचा," वन्सं म्हणाल्या. "आबांशी बोलायचा, आईशी बोलायचा, मास्तरशी बोलायचा. समद्या जगाशी माझ्यासाठी. माझ्याशी मातर कवाच खोटं बोलला न्हाई. त्या दिशी बोलला. तुझ्यासाठी." "मला लई लागलं गं ते. म्हनलं, आता हितं आपलं काय काम. म्हनून पिशवी भरली. डोळा काय, कवाच बरा झाला व्हता."

हे सगळं त्या मान खाली घालून, पदराच्या टोकाशी चाळा करत बोलल्या. आणि मला काय झालं असेल? आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला, आणि मोठा झाला. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी खोटं बोलावं, आणि तेही हिच्याशी. हिला माझा हेवा वाटावा, मला हिचा वाटतो तसाच. मी तो चहा प्यायले तर इतका गोड लागला की विचारू नका. साखर नेहमीएवढीच असणार.

मग मी वन्संकडे नीट बघितलं. त्यांनी औषधाची बाटली घेतली, मान मागे टाकली आणि एकटीने डोळ्यात थेंब घालायला लागल्या. थेंब गालावर पडला. पुन्हा घातला. पुन्हा गालावर. आमच्याकडे असताना रोज हे घालायचे. मी उठले, बाटली घेतली, त्यांचा डोळा बोटांनी उघडून धरला आणि थेंब आत टाकला. त्या डोळे मिटून बसून राहिल्या.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणाले. "तीनच्या गाडीने."

वन्संनी डोळे उघडले नाहीत. "तुला चालंल का?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. आमच्या घरात सगळ्यांनाच येत होतं.

"नाही चालणार," मी म्हणाले. "तुम्ही दोघं हसायला लागलात की माझ्या पोटात दुखणारच आहे. पण तुम्ही गेल्यापासून ते हसत नाहीत, ते मला त्याहून चालत नाही."

वन्सं उठल्या, आणि दोरीवरची वाळलेली साडी काढून घडी घालायला लागल्या.